पहिलं फूल हुंगायचं नाही

आजवर मी जे काही लिहिलं ते रोपांच्या पाट्यांवर. नाव, रंग, ऊन किती लागतं, बस्स. यंदा या अंकाचे संपादक आमच्या नर्सरीत तुळस न्यायला आले होते. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी गुलाबावरून भांडत होते, ते भांडण ते मन लावून ऐकत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "ताई, हेच लिहून द्या." तुळस मात्र विसरून गेले. ती अजून आमच्याकडं आहे, त्यांनी येऊन न्यावी.

आमची नर्सरी अकोल्याहून बार्शीटाकळीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लोक मला गुलाबवाल्या शोभाताई म्हणतात. माहेर अमरावतीचं, भर बाजारातलं, तिथं कुंडीत एक तुळस आणि एक कोरफड यापलीकडं बाग नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा गुलाब म्हणजे केसात माळायची वस्तू एवढंच मला ठाऊक. सासऱ्यांनी काही दिवस माझ्या हाताकडं पाहिलं आणि एक छोटी सुरी पुढं केली. म्हणाले, "स्वयपाक त कोनीबी करते. तू डोये भराले शीक." ती सुरी झिजली, तिच्यानंतरच्याही झिजल्या, पण कंबरेला सुरी नाही असा माझा एक दिवस गेला नाही.

डोळे भरणं म्हणजे काय ते आधी सांगते. तुम्ही नर्सरीतून गुलाब नेता तेव्हा एक झाड नेत नाही, दोन नेता. मुळं असतात रानटी गुलाबाची. त्याला आम्ही खुंट म्हणतो. खुंट दणकट, उन्हाला न भिणारा, पण फूल यथातथाच. वरचं अंग असतं तुम्हाला हव्या त्या जातीचं. त्या जातीच्या काडीवर पानाच्या बगलेत एक बारीक फुगीर डोळा असतो. तो सालीसकट अलगद काढायचा, खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, त्यात तो सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. हिरवा राहिला तर जगला, काळा पडला तर गेला. जगला की खुंटाचा शेंडा उडवायचा, मग मुळांचा सगळा जोर त्या एका डोळ्यात जातो. हे काम थंडीतलं. उन्हाळ्यात करणाऱ्याला आमच्याकडं पागल म्हणतात.

यातली गोम अशी की खालचा रानटी गडी गप्प बसत नाही. जरा नजर हलली की जमिनीलगत स्वतःची फूट काढतो, आणि ती इतकी तरतरीत असते की माणूस तिच्या प्रेमातच पडतो. अमरावतीचे एक निवृत्त पोस्टमास्तर माझ्याकडून डबल डिलाइट घेऊन गेले. पांढरट पाकळीला लाल काठ आणि वास असा की शेजारी विचारायला येतात. पुढल्या साली त्यांचा फोन आला, "शोभाताई, झाड माह्यापेक्षा उंच झालं, पन फूल काहून येत नाई?" बघायला गेले तर अंगणात रानटी खुंटाचं जंगल, आणि डबल डिलाइटचा पत्ता नाही. वरची फांदी कुठं गेली, मी विचारलं. "ते मरतुकडी होती, कापून टाकली," ते कौतुकानं म्हणाले, "खालून पाहा ना काय जोरदार निंघाली." मालकाला हाकलून त्यांनी राखणदाराच्या नावावर घर करून दिलं होतं.

ही चूक इतके लोक करतात की मी आता रोप हातात देतानाच खूण सांगते. चांगल्या जातींच्या एका पानात बहुतेक करून पाच छोटी पानं असतात, रानटी फुटीत बहुधा सात. सात दिसली आणि फूट जोडाच्या खालून आली असेल तर दया दाखवायची नाही, मुळापासून ओढून काढायची. वाचकांनी हे पाच आणि सात लक्षात ठेवावं, पुढं लागणार आहे.

मूर्तिजापूरचे एक तरुण गुरुजी मोबाइलवर चित्र पाहून निळ्या गुलाबाचं बी मागवून बसले. बी उगवलं, वाढलं, आणि एक दिवस ते कुंडी मोटारसायकलवर बांधून मला दाखवायला घेऊन आले. मी एक पान तोडून तोंडात टाकलं. आंबट.

"गुरुजी, आंबाडी आहे," मी म्हटलं. "घरी न्या, भाजी करा, वरून लसणाची फोडणी द्या."

गुरुजींनी कुंडी पुन्हा मोटारसायकलवर बांधली. मग म्हणाले, "पन जोमात हाये ना?" जोमात होती खरी, आणि मी तसं सांगितलं.

बाकी गिऱ्हाइकांचा प्रश्न एकच असतो: वास पाहिजे आणि झाड मरायला नको. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी धरून राहतं, मुळं सडतात. मे महिन्यात उन्हानं लोखंडी फाटकाला हात लावता येत नाही. त्यात अकोल्याच्या वर, दर्यापूर-मूर्तिजापूरकडं खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, कुंडीला पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी ग्लॅडिएटर तग धरतो, मोठं देखणं फूल देतो, पण वासाच्या बाबतीत कंजूस. डबल डिलाइट वासाला दिलदार, पण मे महिन्यात रुसून बसतो. क्रिमसन ग्लोरी जुना, गडद लाल, वास अगदी गुलकंदाच्या बरणीचा, फक्त फूल मान खाली घालून बसतं. आणि आपला देशी गुलाब, तो वासालाही आहे आणि टिकायलाही, पण त्याचं फूल दुपारपर्यंत विस्कटतं आणि लोकांना पाहुण्यांना दाखवायला फूल हवं असतं.

मी सांगते ते असं. दाराजवळ एक देशी लावा, येता-जाता वास मिळेल. क्रिमसन ग्लोरीला पूर्वेची बाजू द्या, सकाळचं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली. दाखवायला ग्लॅडिएटर आहेच. खड्ड्यातली काळी माती निम्मी काढून मुरूम आणि कुजलेलं शेणखत घाला. कलमाचा जोड मातीत पुरू नका. आणि गुलाब निवडायला सकाळी सहाला या. वास पहाटेचा असतो, ऊन चढलं की तो उडतो. दुपारी बाराला येऊन दहा फुलांना नाक लावणारे आणि "यायले वासच नाई" म्हणणारे लोक आले की मी त्यांना पाणी देते आणि परत पाठवते.

तरी गिऱ्हाइकांची एक जात अशी उरते की जी सकाळी सहाला येते, फुलासमोर उभी राहते आणि वास घेत नाही. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नसतं. झाडच देवासाठी घ्यायचं, मग त्याचं फूल हुंगणार कसं? एका बाईंनी असा नुसता रंग पाहून गुलाब नेला आणि बहर आल्यावर तणतणत परत आल्या. "तुमच्यापायी मी देवाले बिनवासाचं फूल वाहून राहिली." तेव्हापासून मी फाटकाशी प्रत्येक जातीचं एकेक झाड ठेवलंय. हुंगायची झाडं. त्यांची फुलं कुठल्याच देवाला जात नाहीत. ज्यांना तीही हुंगवत नाहीत त्यांच्यासाठी मी हुंगते आणि सांगते. नाक माझं, पुण्य त्यांचं.

या हुंगायच्या झाडांपाशीच मला इंगळे सिस्टर भेटल्या.

जानेवारीतली सकाळ होती. पायात बूट, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर बांधलेल्या बाई फाटक उघडायच्या आधीच येऊन थांबल्या होत्या. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, नुकत्या निवृत्त झालेल्या, जठारपेठेत घर बांधलेलं. वॉर्डात राउंड घ्यावा तशा त्या एकेका झाडाशी गेल्या, वाकल्या, वास घेतला, मान हलवली, पुढं गेल्या. शेवटच्या झाडाशीही मान हललीच.

"कोणता गुलाब शोधताय?" मी विचारलं.

"आईचा."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. आई पंचफुलाबाई, दर्यापूरच्या अलीकडच्या गावात राहायच्या. तरुणपणी अमरावतीहून गुलाबाची दोन रोपं एसटीत मांडीवर घेऊन आल्या. एक अंगणात लावलं, एक गावच्या बुद्धविहारात. फूल मध्यम, गुलाबी, आतून गडद, भरगच्च पाकळ्यांचं. वास गुलाबाचा, पण पाठीमागून लवंग चावल्यासारखा. जात कोणती, कुणाला ठाऊक नाही. दर पौर्णिमेला आई ते फूल बुद्धमूर्तीपुढं ठेवायच्या. त्या गेल्यावर भावानं नवं घर बांधलं, अंगणात फरशी आली आणि झाड गेलं.

"माह्या घरी तिचा फोटो हाये, तिची लुगडी हायेत," सिस्टर म्हणाल्या. "वास नाई. आता मले तो नीट आठवत बी नाई, ताई. आठवाले गेली का दवाखान्याचाच वास येते. डेटॉलचा."

मी धंद्याची सवय म्हणून विचारलं, झाडाला पाणी कुठलं होतं.

"विहिरीचं. खारं. त्या पान्यात दाय शिजत नव्हती, पन गुलाब फुले."

इथं मी बाकावरून उठले. डाळ शिजत नाही अशा पाण्यावर लवंगेच्या वासाचा, भरगच्च गुलाब? सगळं आयुष्य मी खारपाणपट्ट्यातल्या लोकांना "ग्लॅडिएटर लावा आणि वासाचं विसरा" असं सांगत आले होते. ही करामत खुंटाची की वरच्या जातीची, हे लावून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि लावायला झाड नव्हतं. मी सिस्टरांना म्हटलं, विहारातल्या झाडाची चौकशी करा. तेही कधीच गेलं असेल, त्या म्हणाल्या. पण त्यांनी चुलतभावाला फोन लावून ठेवला.

उत्तर आलं एप्रिल सरताना. बुद्धपौर्णिमेच्या आधी विहार रंगवायचा होता, आवार साफ करायचं होतं. कोपऱ्यात गुलाबाची मोठी जाळी आहे, पोरांना काटे लागतात, उद्या-परवा काढणार. सिस्टर फोनवर धापा टाकत होत्या.

आमचे हे जेवायला बसले होते. मी म्हटलं, टेम्पो काढा.

"या उन्हात?" हे म्हणाले. "अन् काडी आनून करशीन काय? या दिवसात डोया भरते का कोनी? पागल झाली का व?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी भात संपवला आणि टेम्पो काढला. वाटेत जठारपेठेतून सिस्टरांना घेतलं.

विहाराच्या कोपऱ्यातली ती जाळी मी लांबूनच पाहिली आणि माझं मन खट्टू झालं. डोक्याएवढी उंच, हिरवीगार, चहूकडं पसरलेली आणि वर फिकट पाच पाकळ्यांची चिल्लर फुलं. सिस्टर धावत गेल्या, एक फूल तोडलं, नाकाला लावलं आणि पायरीवर बसल्या.

"हा नाई," त्या म्हणाल्या. "हा तो नाईच."

सगळ्या पानांत सात-सात. पोस्टमास्तरांचंच प्रकरण, फक्त इथं वर्षानुवर्षं चाललेलं. राखणदारानं सगळं घर बळकावलं होतं. विहाराची देखभाल करणारे नानाजी विळा घेऊन उभे होते. म्हणाले, "बाई, लय जोर हाये यायले. दर साली छाटतो त दुप्पट येते." छाटताना कोणती फांदी ठेवावी हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, आणि जी तरारली तीच ते ठेवत गेले होते. मी तरी काय केलं असतं?

पण माझा स्वभाव चिवट. पदर खोचला, गुडघ्यावर बसले आणि जाळीत शिरले. काटे डोक्यात, काटे पाठीत. मी एकेक फांदी मुळापर्यंत बोटानं चाचपत गेले. सात, सात, सात. मध्यभागी एक जुनं जाडं खोड लागलं, त्याला गाठ होती. जोडाची गाठ. खोड एका बाजूनं वाळवीनं पोखरलेलं, हात लावला की भुगा पडत होता. पण दुसऱ्या बाजूला, गाठीच्या वरून, अंधारात एक फांदी निघालेली होती. करंगळीएवढी, शेंड्याकडून वाळत आलेली, फूल नाही, कळी नाही. मी तिचं पान उलटसुलट करून मोजलं. पाच.

"सिस्टर," मी आतूनच ओरडले, "पाच!"

बाहेर कुणाला काही कळलं नाही. आमचे हे म्हणाले, "काय पाच? साप हाये का?"

ती फांदी तिथं पावसाळा बघणार नव्हती, खोडच संपलं होतं. काडी आजच न्यायला हवी होती. नानाजींना विचारलं. ते म्हणाले, "पंचफुलानं लावलं, तिच्या पोरीनं नेलं. मी कोन नाई म्हननारा?" आणि त्यांनी विळ्यानं मला वाट करून दिली.

काडी कापली, पानं उडवली, देठ ठेवले. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं. मी ओल्या फडक्यात गुंडाळून ती सोबत आणलेल्या बर्फाच्या डब्यात टाकणार, तोच सिस्टरांनी माझा हात धरला. तोवर त्या पायरीवर नुसत्या बसून होत्या, आता एकदम ड्युटीवर आल्या.

"थेट बर्फावर नाई. गोठलं का संपलं. लस अशी नेत नसतेत."

त्यांनी काडी फडक्यात, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये आणि मग डब्यात, अशी बसवली. बर्फ बाजूला, काडीला कुठं लागणार नाही असा. वाटेत मला झाकण उघडू दिलं नाही. उन्हाळ्यात खेडोपाडी लस पोचवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि माझं डोळे भरण्यात, पण त्या दिवशी आमच्या दोघींच्या धंद्यांची सोयरीक झाली. मी टेम्पोत बसून सारखी डब्याकडं बघत होते आणि मला लहान पोरीसारखं हसू येत होतं.

घरी आल्यावर कूलरसमोर बसून खुंटांवर डोळे भरले. काडीवर धड असे थोडेच डोळे होते, तेही मलूल. भरलेली रोपं सावलीच्या हिरव्या कापडी जाळीखाली ठेवली, वर ओली पोती टाकली.

मग वाट पाहणं. सिस्टर रोज सकाळी फोन करायच्या, "पेशंट कसे हायेत?" आणि मी सांगायची, एक गेला. आणखी एक गेला. काळे पडत चालले होते एकेक. आमचे हे मला पागल म्हणाले होते खरे, पण दुपारी मी डोळे मिटून पडले असले की हेच हळूच उठून पोत्यांवर पाणी शिंपडून यायचे. मी पाहिलं, पण बोलले नाही, बोलले असते तर त्यांनी सोडून दिलं असतं.

शेवटी एकच डोळा हिरवा राहिला. पाऊस लागला तसा तो फुगला, तांबूस कोंब निघाला. पहिलं पान उघडलं त्या सकाळी मी चहा चुलीवर सोडून पळाले. पाच. सिस्टरांना फोन केला तर त्या रिक्षानं आल्या, रोपापाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी बोटानं पाचही पानं मोजली.

आषाढात कळी आली. आणि इथं आमच्या धंद्याचा एक क्रूर नियम आडवा आला. नव्या कलमाची पहिली कळी फुलू द्यायची नसते. कोवळ्या फांदीचा सगळा जोर फुलात जातो आणि रोप बसतं. कळी नखानं खुडायची. पन्नास रोपं असती तर मी एक फुलू दिली असती, पण रोप एकच होतं. मी सिस्टरांना समोर बसवून सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "लेकराले इंजेक्शन देतानी आमी त्याच्या मायले बाहीर पाठवत होतो. मीबी बाहीर जातो." आणि फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी कळी खुडली. ती इतकी कोवळी होती की बोटांना वाससुद्धा लागला नाही.

त्यानंतर रोप जोमानं वाढलं. भाद्रपदात फांद्या फुटल्या आणि आश्विनात पुन्हा कळी धरली. आता खुडायची नव्हती. कळी गुलाबी होती, इथवर ठीक. पण जगात गुलाबी गुलाब शेकड्यानं आहेत. विहारात मधल्या काळात कुणी दुसरं रोप लावलं असलं तर? पंचफुलाबाईंच्या जागी दुकानातला कुठला तरी बिनवासाचा गुलाब निघाला तर? मला तर त्यांच्या गुलाबाचा वास ठाऊकच नव्हता. निवाडा एकट्या सिस्टरच करू शकत होत्या, आणि त्यांनी निवाडा करायला नकार दिला.

"पहिलं फूल हुंगाचं नाई," त्या म्हणाल्या. "आईचा दंडक होता. पहिलं आपलं नसते, ते मूर्तीपुढं. पौर्णिमा येऊनच राहिली."

"अहो सिस्टर, पण मला कळायला नको का? एवढं रामायण झालं," मी म्हटलं.

"दुसरं हुंगू."

दुसरी कळी अजून मुगाएवढी होती. आता मी, जी सगळ्या अकोल्याच्या वतीनं फुलं हुंगते, तिनं करायचं काय? त्या रोपाजवळून जाताना मी श्वास रोखून जायची. नियम त्यांचा, पण आमच्याही घरी तोच आहे, मोडणार कोणत्या तोंडानं? आमचे हे म्हणाले, "मी हुंगतो, मले कोनता नियम?" मी त्यांना त्या वाफ्याकडं फिरकू दिलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी सिस्टर पांढरी साडी नेसून आल्या. फूल पुरतं उमललं होतं, मध्यम, भरगच्च, आतून गडद. रंगरूप तरी सांगितल्याप्रमाणे होतं. त्यांनी हात लांब करून, तोंड दुसरीकडं फिरवून देठ कापला आणि फूल डब्यात ठेवून झाकण लावलं. तोच बर्फाचा डबा, बर्फाशिवाय. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी रिक्षात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी नुसती सरकून जागा दिली.

जठारपेठेतलं त्यांचं घर लहान, नेटकं. समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती, बाजूला पंचफुलाबाईंचा फोटो, नऊवारीतल्या, कपाळ मोठं, नजर धारदार. ऑक्टोबरची उकड मी म्हणत होती. अकोल्यात त्या दिवसांत कुणी पंखा बंद करत नाही, झोपेत नाही, पूजेत नाही. सिस्टरांनीही केला नाही. मेणबत्ती विझू नये म्हणून त्यांनी तिच्याआड एक स्टीलचं ताट उभं केलं आणि पंखा पाचवर तसाच ठेवला. डबा उघडून फूल ताम्हनात ठेवलं, पुन्हा तोंड फिरवून. मी दाराशी, बटणांच्या खाली भिंतीला टेकून बसले.

त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि वंदना सुरू केली. आवाज सवयीचा, सपाट, एका लयीतला. माझं लक्ष फुलाकडं. पंख्याच्या वाऱ्यानं त्याच्या पाकळ्या हलत होत्या. मनात म्हटलं, जे असेल ते असो, बाई. निदान झाड तरी लावलं आपण.

मधेच त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, ओळ विसरल्या. पुढची ओळ आली नाही. त्या वाकल्या नव्हत्या, फुलाकडं वळल्याही नव्हत्या, हात तसेच जोडलेले, डोळे तसेच मिटलेले. मग डोळे न उघडताच, अगदी हलक्या आवाजात त्या म्हणाल्या,

"ताई, तेवढा पंखा बंद करा. वास उडून जाऊन राहिला."

मी उठून बटण दाबलं, आणि त्या उकाड्यात, घामानं निथळत, आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिलो.